शाळेपासून पाच साखळ्या



तुमच्या वर्गात येऊन चार शब्द बोलावेत, असा निरोप मला आला. मी म्हटले, येतो. पण नुसता उपदेश करायला येणार नाही. तुम्ही आता वाचू लागला आहात. आकडे मांडू लागला आहात. तेव्हा ज्यात वाचनही लागते आणि मोजमापही लागते, असे एक काम तुमच्यापुढे ठेवतो.

ते काम आहे शाळेजवळ होणाऱ्या पेट्रोल पंपावर नजर ठेवण्याचे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पंप राहिला सडकेवर. आपण राहतो गावात. आपला काय संबंध?" पूर्वी हे खरे होते. आता तसे राहिले नाही. गावोगाव मोटारसायकली झाल्या, ट्रॅक्टर झाले, सडका रुंद झाल्या. पंपवाल्याला सडकेलगतची जागा हवी असते. आणि आपली शाळाही बहुधा सडकेलगतच असते, कारण मुलांना यायला-जायला ती जागा सोयीची. म्हणजे दोघांना जागा लागते ती एकच. मग शेजार जुळायला कितीसा वेळ?

एक गोष्ट आधीच सांगतो. मी पंपाच्या विरुद्ध नाही. पंप हवाच. अडल्या-नडल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे तर गाडीत तेल हवे. पंपावर गावातल्या चार पोरांना कामही मिळते. माझे म्हणणे इतकेच, की पंप असावा, पण शाळेच्या कुशीत नसावा.

पेट्रोल उडून जाते

देव्हाऱ्यात कापराची वडी उघडी ठेवा. चार दिवसांनी पाहा. वडी लहान झालेली दिसेल. कुणी चोरली नाही, कुणी जाळली नाही. मग गेली कुठे? हवेत गेली. कापूर उडून जातो. म्हणून तर त्याचा वास घरभर येतो.

पेट्रोलही असेच उडते. कापरापेक्षा किती तरी वेगाने उडते. डिझेल त्या मानाने कमी उडते. पंपावर गेल्यावर जो वास येतो, तो त्या उडालेल्या पेट्रोलचा. वास आला, म्हणजे ते आपल्या नाकातून छातीत गेलेच.

आता घागरीचा विचार करा. रिकामी घागर विहिरीत बुडवली, की बुडबुड असा आवाज येतो. का येतो? घागरीत हवा भरलेली असते. पाणी आत शिरते तशी हवा बाहेर पडते. पंपाखाली जमिनीत मोठ्या टाक्या पुरलेल्या असतात. टाकीतले तेल कमी झाले, की वरच्या रिकाम्या जागेत पेट्रोलची वाफ साठते. मग टँकर येतो. टाकीत हजारो लिटर तेल ओततो. तेल आत जाते आणि तेवढीच वाफ बाहेर निघते. ती सोडण्यासाठी पंपावर एक उंच नळी ठेवलेली असते. मोटारसायकलची टाकी भरतानाही हेच घडते. फक्त थोड्या प्रमाणात.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन मोठ्या पंपांवरच्या या नळ्यांना मापक यंत्रे लावली. २०१८ साली त्यांनी आपला निष्कर्ष छापला. पूर्वी जेवढी वाफ बाहेर पडते असे धरले जात होते, तिच्या दहापटीहून जास्त वाफ त्या नळ्यांतून निघत होती.

ही वाफ हवेपेक्षा जड असते. वारा असला तर ती दूर पांगते. वारा पडला तर जमिनीलगत रेंगाळते. आणि जमिनीलगत कोण असते? लहान पोर असते.

त्या वाफेत काय असते?

पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नव्हे. त्यात अनेक पदार्थ मिसळलेले असतात. त्यांतला एक बेंझीन. हे नाव लक्षात ठेवा. फळ्यावर मी ते मोठ्या अक्षरात लिहिले आहे.

आपल्या देशात पेट्रोलमध्ये बेंझीन किती असावे, याला मर्यादा आहे. शंभर लिटरमध्ये जास्तीत जास्त एक लिटर. हे ऐकायला थोडे वाटते. पण गणित करून पाहू. एक टँकर १२ हजार लिटर पेट्रोल घेऊन आला असे समजा. त्यात बेंझीन किती असू शकेल? १२० लिटरपर्यंत. असे किती टँकर महिन्याला येतात, ते ज्याने त्याने आपल्या गावच्या सडकेवर पाहावे.

बेंझीनने काय होते? आपल्या हाडांच्या आत मगज असतो. रक्त तिथे तयार होते. बेंझीन या रक्त तयार करणाऱ्या कारखान्यालाच धक्का देते. पुष्कळ दिवस, पुष्कळ प्रमाणात ते अंगात गेले, तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. तुर्कस्तानात इस्तंबूल शहरी डॉ. मुझफ्फर अक्सोय म्हणून एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे रक्ताच्या कर्करोगाचे रोगी येत. त्यांत जोडे बनवणारे कारागीर बरेच असत. डॉक्टरांनी विचारपूस केली. हे कारागीर बंद खोल्यांत बसून चामडे चिकटवत आणि त्या चिकटवणीत बेंझीन असे. अशा २६ कारागिरांची हकिगत डॉक्टरांनी १९७४ साली छापली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बेंझीनला माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. बेंझीन इतके असले तर चालेल, अशी निर्धोक मात्रा ती संघटना सांगत नाही.

आता घाबरून जाऊ नका. ते कारागीर बंद खोलीत दिवसभर बेंझीन हुंगत होते. शाळेतल्या मुलाला मिळते ते त्याहून फारच थोडे. पंपाशेजारच्या शाळेतले प्रत्येक मूल आजारी पडते, असे कुणी म्हणाले तर ते खोटे आहे. फ्रान्समध्ये काही डॉक्टरांनी २००४ साली एक पाहणी छापली. तीत पंपाच्या किंवा गाड्यांच्या गॅरेजच्या लगत राहणाऱ्या मुलांत रक्ताचा कर्करोग अधिक आढळला. एका पाहणीवरून सगळे सिद्ध होत नाही. हा रोग मुलांत मुळातच विरळ आहे, हेही खरे. पण टाळता येण्यासारखा धोका आपल्या हाताने पोरांच्या शेजारी आणून का ठेवावा? साप विषारी आहे की बिनविषारी हे ठरेपर्यंत आपण त्याला पाळण्याखाली राहू देतो का?

मुलांनाच जास्त का?

एका गावी हे सांगत होतो, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, मी रोज पंपावर जातो. मला कुठं काय झालं?"

मी म्हटले, "आजोबा, तुम्ही पंपावर किती वेळ उभे राहता?"

"पाच मिनिटं."

"आणि तुमचा नातू शाळेत किती वेळ बसतो?"

आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, "सकाळी जातो तो पाचला येतो."

मंडळी, फरक इथेच आहे. गिऱ्हाईक येते आणि जाते. मूल तिथेच बसते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आहे. त्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. सहावी ते आठवी किमान २२० दिवस. पाच वर्षांचे झाले १,००० दिवस. पुढच्या तीन वर्षांचे ६६०. बेरीज १,६६०. पहिलीत आलेले मूल आठवी होईपर्यंत १,६६० दिवस त्याच जागेची हवा घेते.

दुसरी गोष्ट. घरी गेल्यावर मूल झोपले असताना त्याचे श्वास मोजा. मग आपले मोजा. मुलाचे श्वास जास्त भरतील. शरीर लहान, पण वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा जास्त हवा ओढते. मैदानावर धावू लागले, की आणखी जास्त. शिवाय त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. कोवळ्या रोपाला जे सोसत नाही, ते मोठ्या झाडाला सोसते. हे शेतकऱ्याला मी काय सांगावे?

आणि आगीची भीती वेगळीच. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. पंपावर मोठ्या वाहनांची ये-जा असते. त्यांचा धूर असतो. शाळा सुटते तेव्हा पोरे वाट सोडून धावतात. हे सारे धोके एका जागी यावेत कशाला?

नियम काय म्हणतो?

शाळेपासून काही वस्तू दूर असाव्यात, हा विचार आपल्याकडे नवा नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू, विडी, सिगारेट विकायला बंदी आहे. तो कायदा २००३ चा. शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. तो नियम २००० सालचा. पंपाचा नियम यानंतर आला.

दिल्लीला राष्ट्रीय हरित लवाद म्हणून न्यायालय आहे. हवा, पाणी, झाडे यांच्या तक्रारी तिथे चालतात. त्याची एक शाखा आपल्या पुण्यातही आहे. या लवादापुढे पंपांचा प्रश्न आला. लवादाने २०१९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला याबाबत नियम ठरवायला सांगितले. मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी ते काढले.

त्यांतला आपल्या कामाचा भाग असा आहे :

नवा पंप शाळेपासून ५० मीटरांच्या आत नसावा. दहा किंवा अधिक खाटांच्या दवाखान्यापासून आणि कायद्याने ठरलेल्या राहत्या वस्तीपासूनही तेवढेच अंतर असावे. ५० मीटर अंतर ठेवण्यात अडचण असेल, तर सुरक्षिततेचे जादा उपाय करावे लागतात. ते उपाय स्फोटक आणि पेट्रोल यांवर देखरेख करणारे केंद्र सरकारचे खाते ठरवते. त्या खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपूरला आहे. पण अडचण कितीही असो, ३० मीटरांच्या आत पंप कोणत्याही सबबीवर होता कामा नये.

वाफ परत ओढून घेणारी यंत्रेही निघाली आहेत. टँकर रिकामा होताना टाकीतली वाफ दुसऱ्या नळीने परत टँकरमध्ये जाते. गाडीत तेल भरताना निघणारी वाफही यंत्र ओढून घेते. मोठ्या शहरांतल्या मोठ्या विक्रीच्या पंपांना ही यंत्रे सक्तीची केली आहेत. आपल्या आडगावच्या लहान पंपाला ती सक्ती नाही. म्हणजे आपल्या पोरांचे राखण करायला यंत्र नाही. आहे ते फक्त अंतर. म्हणून ते अंतर जपायचे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली सल्ला दिला, की फार मोठ्या पंपापासून शाळा आणि घरे ३०० फूट दूर असावीत. आपला ५० मीटरचा नियम त्याहून पुष्कळ कमी आहे. तेव्हा ५० मीटर हे कमीत कमी समजा. त्याहून दूर जागा मिळत असेल तर उत्तमच.

मोजायचे कसे?

५० मीटर म्हणजे १६४ फूट. तुम्हाला मोजणीची जुनी साखळी ठाऊक असेल. ती ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे एक गुंठा. पाच साखळ्यांचे झाले १६५ फूट. म्हणजे नियमाचे ५० मीटर आणि आपल्या पाच साखळ्या एकच समजा. ३० मीटर म्हणजे ९८ फूट. ते झाले तीन साखळ्या. आता विसरायचे कारण नाही. पाच साखळ्यांच्या आत पंप नसावा. तीन साखळ्यांच्या आत तर नाहीच नाही.

पण कुठून कुठे मोजायचे? खरी गोम इथे आहे.

पंपाच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंत सडकेने मोजले, तर अंतर वाढते. वळसा पडतो. नियमात असे मोजायला सांगितलेले नाही. खुंटाला दावे बांधून बैल चरायला सोडला, की तो चहूबाजूंनी गोल फिरतो. दावे जेवढे लांब, तेवढाच चारही बाजूंचा गोल. नियमातले अंतर असे गोल आहे. सरळ रेषेत मोजायचे. मधे कुंपण असो, ओढा असो, सडक असो.

आणि खुंट कुठे ठोकायचा? पंपावर तीन जागा असतात. एक, टँकर जिथे तेल ओततो ते टाकीचे तोंड. दुसरी, गाडीत तेल भरणारे यंत्र. तिसरी, वाफ सोडणारी नळी. या तिन्हींपैकी जी शाळेला सर्वांत जवळ असेल, तिच्यापासून मोजायचे. पंपाचे यंत्र शाळेपासून ६० मीटरवर आहे, पण वाफेची नळी मागच्या भिंतीला, शाळेपासून ४० मीटरवर आहे, असे समजा. मग अंतर किती धरायचे? ६० नव्हे. ४०.

म्हणून नकाशा पाहताना या तीन जागा कुठे दाखवल्या आहेत, ते आधी पाहावे. आपली शाळा नकाशात दाखवली आहे की नाही, तेही पाहावे. कित्येक नकाशांत शेजारी नुसते 'मोकळी जागा' असे लिहिलेले असते. त्या मोकळ्या जागेत आपली पोरे कबड्डी खेळत असतात.

आणखी एक. नियमात शाळा लिहिली आहे, अंगणवाडीचे नाव वेगळे लिहिलेले नाही. तेव्हा जवळपास अंगणवाडी असेल, तर आपल्या अर्जात ती आपणच लिहावी. सर्वांत लहान पोरे तिथेच असतात.

बोलायचे केव्हा?

भात नासल्यावर चूल विझवून काय उपयोग? पंपाचेही तसेच आहे. खड्डा खणला, टाक्या पुरल्या, लाखो रुपये जमिनीत गेले, की मग तो हलवणे फार अवघड. मालक कोर्टात जातो. वर्षे निघून जातात. तोवर पहिलीतले पोर आठवीत गेलेले असते.

पंपाची जागा खड्डा खणण्यापूर्वीच कागदावर ठरते. ती कशी, ते ऐका.

पंप काढणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांचा, म्हणजे कलेक्टर साहेबांचा, ना-हरकत दाखला लागतो. २००२ च्या पेट्रोलियम नियमांत तसे सांगितले आहे. अर्ज आल्यावर कलेक्टर कचेरी चौकशी करते. ही चौकशी तीन महिन्यांच्या आत पुरी करायची असते. दाखला मिळाल्यावर मग पुढचा परवाना.

म्हणजे आपल्या हातात असतात ते हे तीन महिने. यातले दोन महिने आपल्याला पत्ता न लागता जातात. म्हणून कान उघडे ठेवा. शाळेजवळच्या शेतात माणसे टेप घेऊन मोजू लागली, शेत बिनशेती करायची बोलणी सुरू झाली, "इथं पंप होणार" अशी कुजबुज चावडीवर आली, की दुसऱ्याच दिवशी कामाला लागा.

काय करायचे ते क्रमाने सांगतो.

पहिले, मोजा. चार जण जा. त्यात मुख्याध्यापक असू द्या, शाळा व्यवस्थापन समितीतले एक-दोन पालक असू द्या. त्या समितीत निम्म्या स्त्रिया असतात. त्यांनी तर जावेच. शाळेच्या भिंतीपासून त्या शेतापर्यंत टेप धरा. आकडा लिहा. तारीख लिहा. सह्या करा. अंगठा नको. तुम्ही आता सही करता.

दुसरे, विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून तुम्हा-आम्हाला आहे. कलेक्टर कचेरीत दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज द्या. या जागेसाठी पंपाचा अर्ज आला आहे का, त्याचा नकाशा द्या, एवढेच दोन ओळींत लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण उत्तराची वाट पाहत बसू नका. तिसरे काम लगेच करा.

तिसरे, लेखी हरकत द्या. कलेक्टर साहेबांच्या नावाने. एक प्रत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला. एक प्रत ग्रामपंचायतीला. अर्ज पोचल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. शिक्क्याचा कागद दप्तरात राहतो.

चौथे, ग्रामसभेत विषय काढा. ग्रामसभेने ठराव केला म्हणून पंप आपोआप थांबतो, असे नाही. पण साऱ्या गावाचे म्हणणे कागदावर येते आणि चौकशी करणाऱ्याला ते वाचावे लागते.

अर्जात काय लिहावे? शिव्या नकोत. "पंपवाला चोर आहे" असेही नको. असे लिहा : "आमच्या गावी अमुक ठिकाणी शाळा आहे. तीत इतकी मुले शिकतात. शेजारी नवा पंप होणार असे समजते. आम्ही मोजले असता अंतर इतके मीटर भरले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ७ जानेवारी २०२० च्या नियमाप्रमाणे ते ५० मीटरांहून कमी आहे. तरी जागेची प्रत्यक्ष मोजणी आमच्यासमोर व्हावी आणि तोपर्यंत दाखला देऊ नये, ही विनंती." एवढे पुरे. जो माणूस आकडा लिहितो, त्याचा कागद सहज बाजूला ठेवता येत नाही.

अंतर ३० आणि ५० मीटरांच्या मधले असेल, तर आणखी दोन ओळी घाला. "पन्नास मीटर राखण्यात अर्जदाराला नेमकी कोणती अडचण आहे? आणि सुरक्षिततेचे जादा उपाय कोणते सांगितले आहेत? दोन्ही लेखी कळवावे." शेतात जागा असून पंप चार गुंठे मागे सरकत नसेल, तर ती अडचण नव्हे. ती केवळ सोय.

पंप आधीपासूनच असेल तर?

हा नियम नव्या पंपांसाठी आहे. जुन्यांना तो लागू होत नाही. नोकरीतली माझी काही वर्षे अशाच एका शाळेत गेली. सडकेपलीकडे पंप होता. टँकर आला, की पुढच्या बाकांवरची पोरे नाकाला रुमाल लावत. पोरांना टँकरची वेळ घड्याळाहून पक्की ठाऊक होती. आम्ही मालकांना जाऊन भेटलो. टँकर शाळा भरण्यापूर्वी रिकामा करावा, अशी विनंती केली. त्यांनी मानले. दोन महिने पाळले. मग पुन्हा भर दुपारी टँकर येऊ लागला. आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा थोडे दिवस पाळले. असे चालायचे. आमच्या हातात नियमाचा कागद नव्हता. नुसती विनंती होती. विनंती दर वेळी नव्याने करावी लागते.

तरी ती करावी. फुकट जात नाही. शाळेनेही आपल्यापरीने काही करावे. टँकर रिकामा होत असेल, तेवढा वेळ त्या बाजूच्या खिडक्या लावाव्यात आणि मुलांना मैदानावर सोडू नये. कवायत, खेळ, खिचडीची पंगत पंपाच्या उलट बाजूला घ्यावी. नवी खोली बांधायची असेल, तर ती पंपापासून लांबच्या टोकाला बांधावी. बालवर्ग सर्वांत लांब बसवावा. आणि नवी शाळा बांधायला जागा शोधताना पाच साखळ्यांचे माप आपणच लावावे. पंपाने शाळेजवळ येऊ नये, तसे शाळेनेही पंपाजवळ जाऊ नये.

बाटलीतला पंप

काही गावांत पंप नसतो. पण शाळेसमोरच्या दुकानात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मिळते. शेजारीच गोळ्या-बिस्किटांची बरणी असते. हा पंपाचाच धाकटा भाऊ. याला ना अंतर, ना वाफेची नळी, ना आग विझवण्याची वाळूची बादली.

परवान्याशिवाय पेट्रोल विकणे हा गुन्हा आहे. कायदा १९३४ चा आहे. दुकानदार आपल्याच गावचा असतो. आधी त्याला गोडीने सांगा. त्याचीही पोरे त्याच शाळेत असतात. ऐकले नाही, तर ग्रामपंचायतीत आणि पोलिसांत कळवा.

घरीसुद्धा पेट्रोल किंवा रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधी ठेवू नका. पोर तहानेने बाटली तोंडाला लावते. तोंडाने नळी ओढून गाडीतले पेट्रोल काढायची काहींना सवय असते. ती सोडा. मुलांना तर हे काम कधीच सांगू नका. पेट्रोल पोटात गेले, तर ओकारी काढायला लावू नका. ओकताना ते छातीत शिरते आणि जास्त घात होतो. सरळ दवाखान्यात न्या.

नियम केल्याने काही होते का?

पुष्कळ माणसे म्हणतात, "नियम कागदावर राहतात हो!" त्यांना एक खरी हकिगत सांगतो.

१९२३ सालापासून पेट्रोलमध्ये शिशाचे एक रसायन मिसळू लागले. इंजिन चांगले चालावे म्हणून. ते शिसे धुरातून बाहेर पडे. मुलांच्या अंगात जाई आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीला बाध आणी. डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिले. कंपन्या म्हणाल्या, शिशाशिवाय चालणार नाही. लोक म्हणाले, चालले पाहिजे. एकेक देश शिसे बंद करू लागला. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे बिनशिशाचे पेट्रोल आले. शेवटी उरला अल्जीरिया. तिथेही २०२१ च्या जुलैत ते बंद झाले. आज जगात कुठेही गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल पंपावर विकले जात नाही. जवळजवळ शंभर वर्षे लागली, पण झाले. आणि पेट्रोलशिवाय कुणाची गाडी अडली नाही.

तुम्हाला शंभर वर्षे थांबायचे नाही. तुम्हाला फक्त एक टेप, एक कोरा कागद आणि एक सकाळ लागेल. येत्या रविवारी शाळेच्या भिंतीपासून चारी बाजूंनी पाच साखळ्या मोजा आणि खुणेचे दगड ठेवा. पंप येणार असो वा नसो. पोरांनाही बरोबर घ्या. त्यांना गणित कळेल आणि आपल्या शाळेची हद्द कुठवर राखायची, हे साऱ्या गावाला कळेल. मग उद्या कुणी टेप घेऊन आला, तर दगडाच्या आत की बाहेर, हे सांगायला कुणा साहेबाची गरज पडणार नाही.

एवढे बोलून मी थांबतो. कुणाला काही विचारायचे असेल, तर विचारा.